सईची तयारी

सईला त्या तपासणीतून सहीसलामत बाहेर काढलं ते मी. कितीतरी वर्षं आमच्या घरात सगळे असंच धरून चालले होते की सईची शाळेत तपासणी झाली होती, तिच्यात काही निघालं नव्हतं, आणि पुढे तिचं जे झालं ते निव्वळ आळसामुळे झालं. त्यांना तसं धरून चालू दिलं हा माझा दुसरा अपराध. पहिला मी सतरा वर्षांचा असताना केला. तो करताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला थोडा थोडा चांगला करत नेईन, अशी मला भीती आहे.

दुबईत अल कुसैसला आमचं घर म्हणजे एक बेडरूम आणि एक हॉल. हॉलमध्ये रात्री गाद्या घालून सई आणि मी झोपायचो. खिडकीतला एसी इतका खडखडायचा की तो बंद झाला की आम्हाला जाग यायची. आई खबूसच्या अरबी रोटीबरोबर पिठलं वाढायची, लबानच्या ताकाची कढी करायची, आणि पुण्याहून कोणी आलं की त्यांच्या सामानातून काळा मसाला आधी काढून घ्यायची, मग पाणी विचारायची. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी आम्ही शारजाला, रोल्लाच्या बाजारात जायचो. भाजी, मासिकं, आणि सईसाठी बदाम. बदाम कारण ती नऊ वर्षांची होऊनही तिला वाचता येत नव्हतं. आईने तेवढ्यावर भागवलं नव्हतं. डोक्याला ब्राह्मीचं तेल, सकाळी चमचाभर शंखपुष्पी, आणि भिजवलेले बदाम सोलून, ते सई समोर बसून चावून खाईपर्यंत आई उठायची नाही. सई एक गालात धरून ठेवायची आणि बाल्कनीतून खाली थुंकायची. खाली धूळ खात पडलेल्या एका पांढऱ्या गाडीच्या टपावर ते बदाम वाळत पडलेले असायचे. गाडीचा मालक एका रात्रीत देश सोडून गेला होता.

मंदीच्या त्या हिवाळ्यात तसे बरेच गेले. आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी सारखे कार्गोचे खोके दिसायचे. वर्गात सकाळी एखादा बाक रिकामा असायचा आणि दुपारपर्यंत कळायचं, गेला, चेन्नईला गेला, निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. बाबा एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होते. शाळेच्या बसमधून त्यांच्या कंपनीच्या दोन क्रेन दिसायच्या. त्या हलताहेत का हे मी रोज बघायचो, आणि त्या हलत नव्हत्या. बाबा घरी आले की बूट काढता काढता सांगायचे, "आज जोशीला बोलावलं." एवढंच. बोलावलं म्हणजे काय ते सईलासुद्धा कळायचं. बाबांना बोलावलं की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की आम्ही सगळे जाणार, आणि माझी बारावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती.

अशात सईच्या वर्गशिक्षिकेने आईबाबांना बोलावलं. मी त्याच शाळेत होतो, म्हणून मलाही बरोबर बसवलं. शाळेच्या काउन्सेलर मॅडम केरळच्या होत्या, हळू आणि स्वच्छ इंग्रजी बोलायच्या. त्यांनी सईची वही उघडली. एकच शब्द एका पानावर चार तऱ्हांनी लिहिलेला होता. बाबांनी खुर्चीत पुढे सरकून विचारलं, "मॅडम, ब्रेनमध्ये काही डिफेक्ट आहे का?"

"डिफेक्ट हा शब्द नको," त्या म्हणाल्या. "काही मुलांचा मेंदू अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी सहज लावत नाही. बुद्धी कमी असते असं नाही. तो वेगळ्या वाटेने जातो, आणि त्याला त्या वाटेने शिकवावं लागतं. आधी आपण बघू या, तसं आहे का."

"तिला चार भाषा आहेत हो," आई म्हणाली. "घरी मराठी, शाळेत इंग्लिश, हिंदी, आणि अरबी तर उजवीकडून डावीकडे. मोठ्यांचं डोकं फिरेल."

"भाषा चार असल्या तरी बहुतेक मुलं वाचतात, मिसेस देसाई. ही एकही वाचत नाही. मला काळजी त्याची आहे."

तिथवर ठीक होतं. बाहेर आल्यावर ऑफिसातल्या एका बाईंनी बाबांना बाजूला घेतलं आणि हसत हसत सांगितलं की रिपोर्टमध्ये काही आलं तर पुढच्या वर्षी शाळा सईला ठेवेलच असं नाही, जागा थोड्या आहेत, मनात तयारी ठेवा. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "असं काही झालं तर तू मुलांना घेऊन पुण्याला जा. आत्ताच. फेब्रुवारीत. माझं काय होतंय ते मी इथे एकटा बघतो."

"आणि मंदारची बारावी?" आईने माझ्याकडे बघत विचारलं.

"तिथून देईल काहीतरी करून."

मी कढी पीत होतो. मी वाटी तशीच खाली ठेवली.

आमच्या शेजारी हमीदाखाला राहायच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांचं रोल्लाला कापडाचं दुकान होतं. त्यांचा जैद सईच्याच वयाचा, आणि त्याची अशीच तपासणी आदल्या वर्षी झाली होती. तो रोज तासभर वेगळ्या वर्गात जायचा आणि आता अडखळत का होईना वाचायचा. खाला आईला सारखं सांगायच्या, "तपासून घे गो. घाबरतेस कशाला? माज्या जैदला काय शिंगं आली?" आई हसायची, आणि त्या गेल्या की म्हणायची, "त्यांचं दुकान आहे बाई. त्यांना कोण बोलावणार?"

आता माझ्या मोठेपणाविषयी. मी शाळेत शहाणा मुलगा होतो. मधल्या सुट्टीत लहान मुलांचं वाचन ऐकायचं काम आम्हा काही मोठ्या मुलांकडे असायचं, आणि त्यासाठीची वाचनाची कार्डं काउन्सेलर मॅडमच्या कपाटात असायची. ती कार्डं लावून ठेवायचं काम माझं. तपासणीत वाचायला देतात ते कार्ड आणि बनावट शब्दांचा तक्तासुद्धा तिथेच, वरच्या फळीवर. मॅडमनी किल्ली मला दिली होती, कारण मी मी होतो. मी ते कार्ड आणि तो तक्ता दप्तरात घालून घरी आणला.

हे करताना मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही, हे खरं आहे. आमच्या घरात परीक्षा म्हटली की तयारी करायची, आणि तयारी म्हटली की मागच्या वर्षीचा पेपर मिळवायचा. यात गैर काही असतं हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. शाळेने सईची परीक्षा ठेवली होती. मी तिची तयारी करून घेणार होतो. डॉक्टर ताप बघायला येणार म्हणून थर्मामीटर आधी थंड पाण्यात बुडवून ठेवावं, तसं काहीतरी मी करत होतो, हे कळायला मला स्वतःला बाप व्हावं लागलं.

दुपारी आई आडवी झाली की मी सईला बाल्कनीत घेऊन बसायचो. जानेवारीचं ऊन छान असायचं. वाळत घातलेल्या चादरींच्या आड आम्ही दोघं. कार्डावर एका म्हाताऱ्या दीपगृहवाल्याची गोष्ट होती. टॉम त्याचं नाव. त्याची बकरी दिव्याची वात खाऊन टाकते आणि मग स्वतःच रात्रभर ओरडून बोटींना वाट दाखवते. मी एकदा वाचायचो, सई लगेच म्हणून दाखवायची. कानाने ऐकलेलं ती विसरायचीच नाही. जाहिराती, अजान, खालांच्या घरातली भांडणं, सगळं तिला जसंच्या तसं यायचं. दुसऱ्या दिवशी तिला पूर्ण गोष्ट आली. मग मी तिला कुठल्या ओळीला नजर कुठे ठेवायची ते शिकवलं. बोट कसं सरकवायचं ते शिकवलं.

"एवढं भराभर नको," मी म्हटलं. "खरं वाटणार नाही. मध्ये अडखळ."

"व्हाय? मला येतंय ना."

"लाइटहाउस मोठा शब्द आहे. तिथे थांब. लाइट... मग लाइटहाउस. सगळी मुलं तिथे थांबतात."

"लाइट... लाइटहाउस," सई म्हणाली. पहिल्याच वेळी इतकं हुबेहूब अडखळली की मी हसलो आणि तिच्या पाठीत थाप मारली. तीही खूश झाली. अभ्यासात कोणी तिच्या पाठीवर थाप मारल्याचं मला तरी आठवत नाही.

बनावट शब्दांना मात्र ती कंटाळली. ब्लिम, स्ट्रॉप, फेंडल, असे कसलाच अर्थ नसलेले शब्द. मूल पाठांतरावर वाचतंय की अक्षरं खरंच जुळवतंय ते त्यांनी पकडता येतं. मी तेही ओळीने पाठ करून घेतले.

"फेंडल म्हणजे काय, दादा?"

"काही नाही."

"देन व्हाय डू दे वॉन्ट इट?"

मी तिला सांगितलं, आपल्याला काय करायचंय, विचारलं की म्हणायचं. मग तिने एकदम मराठीत विचारलं, "हे सगळं नीट म्हटलं की मला खरंच वाचता येईल?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." सगळ्यांना म्हणायची सवय असते तसं. त्या मुलीने मला विचारलेला एवढा एकच खरा प्रश्न होता, आणि मी असं उत्तर दिलं.

कार्ड आणि तक्ता मी परत जागेवर ठेवून दिले. तपासणी झाली. मॅडमनी आईबाबांना सांगितलं की सई वाचते, वयाच्या मानाने ठीक वाचते, वर्गात लक्ष देत नाही असं दिसतंय. बोलताना त्या जरा गोंधळलेल्या वाटल्या. मला आठवतं, त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. पण कागदावर काही आलं नव्हतं. बाबांनी येताना शोरमा आणला. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशीपासून बदाम बंद झाले.

बदाम बंद झाले आणि पट्टी आली. आजारी मुलीला आई बदाम देत होती. आता मुलगी आजारी नव्हती, आळशी होती. "मॅडमसमोर येतं, माझ्यासमोर का येत नाही?" आई विचारायची आणि पट्टी टेबलावर आपटायची, कधी टेबलाच्या अलीकडे. मी बेडरूममध्ये दार लावून भौतिकशास्त्राचे प्रश्न सोडवत बसायचो. दाराला कान लावायची गरज नव्हती. सई एका शब्दानेही माझं नाव घ्यायची नाही. मी कधी तिला सांगू नकोस असंही म्हटलं नव्हतं. तिने ते आपण होऊन सांभाळलं.

मार्चमध्ये, माझे दोन पेपर व्हायचे असताना, बाबांना बोलावलं. आम्ही ज्याला भीत होतो ते झालं, आणि झाल्यावर फारसं काही झालं नाही. बाबांना अबुधाबीत लहानसं काम मिळालं, ते तिकडे राहायला लागले आणि गुरुवारी रात्री घरी यायला लागले. कोणी पुण्याला गेलं नाही. माझी परीक्षा झाली. नोकरी जाऊनही आम्ही राहिलो, म्हणजे सईच्या तपासणीचा निकाल काहीही लागला असता तरी माझी परीक्षा बहुधा झालीच असती. तरीही मी गप्प राहिलो. तेव्हा मला भीती वाटत होती ती पकडलं जाण्याची.

मग दुबईतल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आला. दरवर्षी तो एका शाळेच्या सभागृहात व्हायचा. नऊवारी, फेटे, बटाटेवड्यांचा वास, आणि मागच्या रांगांमध्ये कोण गेलं, कोण राहिलं याची कुजबुज. त्या वर्षी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सईने शिवरायांवरचा लांबलचक पोवाडा हातवारे करत म्हटला, एकदाही न चुकता. टाळ्या थांबेनात. निवेदन करणारे कुलकर्णीकाका इतके खूश झाले की त्यांनी तिला स्टेजवरून उतरूच दिलं नाही. "काय खणखणीत आवाज आहे पोरीचा! आता आभाराचं पत्रकही हीच वाचेल. इंग्लिशमध्येच आहे, बेटा. वाच." आणि त्यांनी तिच्या हातात कागद दिला आणि माइक खाली केला.

मी बाजूच्या दाराशी वड्यांच्या टोपल्या सांभाळत उभा होतो. सईने कागदाकडे पाहिलं. मग सभागृहाकडे पाहिलं. कोणाला तरी शोधत होती, आणि तो कोण हे मला माहीत होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं, पोट दुखतंय तिचं, चल गं, असं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी टोपलीवरचा कागद सारखा केला.

तिने बोट कागदावर ठेवलं. "ओल्ड टॉम हॅड अ गोट," ती मोठ्याने म्हणाली.

सई बोट सरकवत होती, ओळीच्या शेवटी पुन्हा डावीकडे आणत होती, मी शिकवलं होतं तसं. बकरीने वात खाल्ली. कोणीतरी खुदकन हसलं. कुलकर्णीकाका वाकून कागदात बघायला लागले. "लाइट..." सई म्हणाली, थांबली, "लाइटहाउस." तेव्हा सगळं सभागृह हसलं. मुलीने काकांची फिरकी घेतली असं त्यांना वाटलं. "अरे वा, विनोदी पण आहे!" काका म्हणाले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून त्यांनी कागद काढून घेतला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत आई हसत नव्हती. तिच्या शेजारी बसलेल्या हमीदाखालाही हसत नव्हत्या. त्यांच्या जैदनेही तपासणीत तेच कार्ड वाचून बकरीची गोष्ट घरी सांगितली होती, आणि शाळेतली कार्डं मी लावतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं.

परतताना गाडीत आईने सईला सभेत चावटपणा केला म्हणून रागे भरलं. सई खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी खालांनी मला जिन्यात गाठलं. "मंदार, तिला पाठ येतंय रे, वाचता नाय येत. तुला ठाव हाय. तू सांगतोस आईला, की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगतो. मी शब्द दिला म्हणून त्या थांबल्या. जुलैमध्ये मी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला निघून गेलो, आणि त्याच उन्हाळ्यात खालांचं दुकान बंद पडून तेही गावी परतले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्या काळात मी तिथे नव्हतो, आणि नसणं हेच मी केलं. सई दहावीला नापास झाली, मग कशीबशी पास झाली, कॉलेज अर्ध्यावर सोडलं. बाबा फोनवर म्हणायचे, "हुशार आहे रे, शाळेने सांगितलं होतं. करायचंच नाही तिला." ती पुण्यात एका दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून लागली आणि पहिल्या पगारातून, कोणाला न सांगता, स्वतःची तपासणी करून आली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. जे नवव्या वर्षी निघायचं ते तेव्हा निघालं. आईने मला फोनवर रडत विचारलं, "मग तेव्हा कसं नाही निघालं रे?" मी म्हटलं, "तेव्हा एवढं तंत्र नसेल." पुन्हा तेच.

मी नोकरीनिमित्त परत इकडे आलो, शारजात राहतो. मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या शाळेतून फोन आला. सात वर्षांचा आहे, अक्षरांशी भांडतो. ही गोष्ट घराण्यात चालत येऊ शकते असं तिथल्या बाईंनी सांगितलं. रात्री बायको म्हणाली, "टेस्टच्या आधी थोडी तयारी करून घेऊ या का त्याची? अगदीच वाईट नको दिसायला." मी इतक्या जोरात "नाही!" ओरडलो की मुलगा झोपेतून उठून बाहेर आला.

मग मी सईला एक लांब पत्र लिहायला घेतलं. अर्धं झाल्यावर लक्षात आलं की जिला वाचायला त्रास होतो तिच्यापुढे मी चार पानं टाकतोय, म्हणजे माफीसुद्धा तिनेच कष्ट करून घ्यायची. ते फाडलं. ती हिवाळ्यात आठवडाभर आमच्याकडे आली तेव्हा मी तिला गाडीत घालून कुसैसला नेलं. आमची इमारत आहे अजून, रंग बदललाय. आमच्या बाल्कनीत कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. मी गाडी बंद केली आणि सुरुवात केली, "सई, लहानपणी माझ्याकडून नकळत तुझ्यावर जो अन्याय झाला, त्याबद्दल गेली कित्येक वर्षं माझ्या मनात..."

ती समोर बघत ऐकत होती. "मनात काय? लाइट... लाइटहाउस?" ती म्हणाली. "दादा, पाठ करून आलायस तू."

"हो."

"कळतं मला. माझं आयुष्य गेलंय त्यात. पाठ न केलेलं बोल."

इमारतीपाशी कोणाची तरी मुलं सायकली फिरवत होती. मी म्हटलं, "नकळत नाही. मला कळत होतं. तुला वाचता येत नाही हे मला घरात सगळ्यांच्या आधी माहीत होतं. मी ते तुझ्यासाठी केलं नाही, सई. माझी बारावी होती. मला परीक्षेआधी पुण्याला जायचं नव्हतं. स्टेजवर तू मला शोधत होतीस, तेव्हा मी तुला बघितलं होतं, आणि मी वडे झाकत बसलो. तू मार खाल्लास आणि माझं नाव घेतलं नाहीस. मला माफ कर. आईला मी आज सांगतो, तुझ्यासमोर, फोन लावून."

मी फोन काढला आणि लावला.